पवळ्याच्या पाठीवरचा मोर

हैदरभाई मोमीन यांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि आमच्या अख्ख्या गल्लीच्या डोक्याला ताप झाला. चांगला माणूस रिकामा झाला की वाईट माणसापेक्षा जास्त छळतो, हे मला तेव्हा कळलं.

संगमनेरच्या बाजारपेठेत त्यांच्या दुकानासमोर माझं मॅचिंग सेंटर आहे. रीळ, अस्तर, लेस, हुक, आरसे, गोंडे, शिंप्याला जे लागतं ते सगळं माझ्याकडे मिळतं, आणि जे लागत नाही तेही मी गळ्यात मारते. समोर ‘मोमीन ड्रेसेस’. तालुक्यातल्या कितीतरी शाळांचे गणवेश तिथून जातात. जूनमध्ये तर त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पोरं रडतायत, आया भांडतायत, आत मशिनी धडधडतायत आणि मधोमध हैदरभाई फोन कानाला लावून कुणाला तरी कापड कधी येणार ते विचारतायत, हे चित्र मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून बघत होते. गळ्यात कायम मोजमापाची टेप. तिचा वापर शून्य. हवालदाराच्या शिट्टीसारखी ती नुसती अधिकारापुरती असायची.

मुळात हा माणूस झूलवाला. त्यांचे वडील बैलांच्या झुली शिवायचे, आणि पोरगा त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकला. पोळ्याच्या आधी पार अकोले तालुक्याच्या डोंगरातून शेतकरी यायचे म्हणे, बैलाच्या पाठीचं माप सुतळीला गाठी मारून आणायचे. मग घरोघरी ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. त्याच सुमाराला एका हेडमास्तरांनी वर्गभर गणवेश शिवायला दिले. एका शाळेच्या चार झाल्या, चारांच्या किती झाल्या ते आता हैदरभाईंनाही आठवत नाही. कारागीर हाताखाली आले, आणि स्वतःचा हात सुईपासून सुटला तो सुटलाच.

आसिफने, म्हणजे त्यांच्या मुलाने, धंदा छान सांभाळला. वडिलांपेक्षा छान सांभाळला, हीच पंचाईत. हैदरभाईंना विचारायला कुणी येईना. पहिला आठवडा त्यांनी घरी काढला. फरीदाभाभींच्या स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले, आणि भाभींना जिऱ्याच्या जागी ओवा सापडू लागला. आठव्या दिवशी भाभी माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, “दिपाली, यांना दिवसभर तुझ्याकडं बसव. न्हाईतर मी माहेरी जाते, आणि माझं माहेर लई लांब हाय.”

मी बसवलं. त्यांनी माझे रीळ फिक्यापासून गडदापर्यंत लावून ठेवले. दिसायला सुरेख, पण मला एक रंग सापडेल तर शपथ! गिऱ्हाईक खोळंबलेलं, मी शोधतेय आणि हे स्टुलावर बसून समजावतायत की असं शास्त्रशुद्ध असतं. शेवटी माझा पारा चढला.

“हैदरभाई, तुमच्या हाताला काहीतरी काम द्या हो!”

त्यांनी हात पुढे धरून बघितले. “कुठलं देऊ, ताई? इतकी वर्षं झाली, हा हात फक्त सही करतो.”

हे ते हसतच म्हणाले, पण मला बोलल्याचं वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांचा चहा मी माझ्या खात्यावर मागवला.

श्रावण लागला आणि माझे चुलते आले. सूर्यभान तात्या. माझं माहेर बोरवाडी, तिथे तात्यांची शेती. मुलाने ट्रॅक्टर घेतलाय, तरी तात्यांनी बैलजोडी मोडली नाही. हरण्या आणि पवळ्या. एकवेळ तात्या जेवायचे विसरतील, पण त्यांच्या दावणीत चारा टाकायचं विसरणार नाहीत. बोरवाडीला पोळ्याचा पहिला मान दरवर्षी एकेका भावकीकडे जातो. मानाची जोडी वेशीच्या तोरणाखालून आधी निघते, मग बाकीचा गाव. यंदा तो मान फिरत फिरत तात्यांच्या दाराशी आला होता.

तात्यांनी बाजारात मिळणारी तयार झूल आणली होती. माझ्या काउंटरवर ती टाकून ते म्हणाले, “दिपे, बघ ही. हिला काय झूल म्हनायचं का? नवरदेवाच्या गाडीवरची चमकी हाय ही. फुकलं तर उडंल. आन समद्या गावाच्या बैलावर हीच. माझी मानाची जोडी वळखायची कशी?”

कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला, “मी शिवतो.”

मी वळून पाहिलं. हैदरभाई उभे राहिले होते. हातातला रीळ त्यांनी फिक्याच्या रांगेत ठेवायचा सोडून खिशात घातला. (तो अजून मला परत मिळालेला नाही.)

दुकानामागच्या खोलीत त्यांनी बैठक मांडली. लाल मखमल आणली, आत जाड अस्तर. कडेने कवड्या आणि गोंडे. आणि निळ्या मखमलीचा कापून वर शिवलेला, अंगभर आरसे जडवलेला एक मोठा मोर. तो त्यांच्या वडिलांचा नमुना होता, कागदावर नव्हताच कुठे, डोक्यातच होता. मला त्यांनी समजावून सांगितलं की झुलीची एक बाजू राजाची आणि एक बाजू गरिबाची. जोडीतल्या बैलाची बाहेरची बाजू लोक बघतात, तिथे सगळा थाट. आतली बाजू जोडीदाराच्या अंगाला घासते, तिथे आरसे लावले तर फुटायचेच, म्हणून ती साधी ठेवायची.

पहिले काही दिवस हाल बघवत नव्हते. सुईत दोरा जाईना. गेला तर गुंता व्हायचा. सुई टोचून टोचून बोटांची चाळण झाली. दर तासाला मखमलीची लव अंगावर घेऊन हे माझ्या दारात हजर. “ताई, तुझ्या सुया चांगल्या न्हाईत.” दुसऱ्या दिवशी दोरा कच्चा निघाला. तिसऱ्या दिवशी उजेड कमी पडला. नाचता येईना, अंगण वाकडं! मी हे तोंडावर म्हटलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. पण त्यानंतर तक्रार बंद झाली. मग एका दुपारी मी डोकावले तर त्यांचा फोन कपड्यांच्या ढिगाखाली कुठेतरी वाजत होता, भाभींनी पाठवलेला डबा न उघडता पडला होता, आणि हे आरशाभोवती टाका घालता घालता शीळ वाजवत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना शीळ वाजवताना ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं मला.

आसिफ गुणी मुलगा, वडिलांवर जीव आहे त्याचा. पण त्याच्या लेखी हा अब्बांचा टाइमपास. एकदा माझ्यासमोर म्हणाला, “अब्बा, पोळा झाला की खोली मोकळी करा हं. हिवाळ्याचे स्वेटर ठेवायचेत.” हैदरभाईंनी सुईत नवा दोरा ओवला. तो गेल्यावर मला म्हणाले, “बरोबर हाय त्याचं. ताई, पोळ्याला गावानं नाव ठेवलं, तर मी मुकाट गल्ल्यावर जाऊन बसणार. सही करायला. परत सुईला हात लावायचा न्हाई.”

“आणि नावाजलं तर?”

“तर स्वेटर दुसरीकडं ठेवू दे त्याला.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, मी माहेरी निघाले होते. हैदरभाई झुलींचं गाठोडं मांडीवर घेऊन माझ्याबरोबर रिक्षात बसले. नव्या नवरीसारखं सांभाळत होते ते गाठोडं. बोरवाडीला पोचलो तेव्हा तात्यांनी बैल धुऊन अंगणात बांधले होते, रंगूकाकू, म्हणजे तात्यांची बायको, वाटीत तूप-हळद घेऊन त्यांचे खांदे चोळत होती. तात्यांचा मुलगा हनुमंत ट्रॅक्टर पुसत होता. झुली आल्या म्हटल्यावर शेजारपाजारचे चार लोक जमलेच.

आधी हरण्यावर घातली. हरण्या डावीकडचा. डाव्या बाजूला लाल मखमलीवर तो मोर असा काही उभा राहिला की उन्हाने आरसे पेटले, आणि समोरच्या भिंतीवर कवडसे नाचायला लागले. काकू तूप विसरली. तात्यांनी नुसता “आऽऽ” असा आवाज काढला. मी हैदरभाईंकडे पाहिलं, ते इकडेतिकडे बघत होते, जसं काही हे त्यांचं कामच नाही.

मग पवळ्यावर घातली. पवळ्या उजवीकडचा. झूल नीट बसली, वशिंडाचा काप बरोबर जागी आला, गोंडे लोंबले. आणि बाहेरची बाजू कोरी! नुसती लाल मखमल. मोर आत, हरण्याच्या बरगड्यांना नाक लावून.

हैदरभाई पवळ्याभोवती एक फेरी मारून आले, जणू दुसऱ्या बाजूने पाहिलं तर काही फरक पडेल. मग मटकन खाली बसले.

“खिसा,” ते म्हणाले.

“काय?” मी विचारलं.

“शाळेचा खिसा, ताई. बिल्ला डाव्या बाजूला. हजारो पोरांना मी डाव्या बाजूला बिल्ला लावला. पवळ्यालाबी लावला.”

मला आधी हसू फुटलं, पण ते मी पदराआड दाबलं, कारण त्यांचे डोळे भरले होते. इतका खपून, बोटं फोडून माणसाने काम करावं आणि नेमकं धंद्याच्या सवयीने दगा द्यावा! माझ्याच जिवाला लागलं ते.

मग सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं, झूल फिरवून घाला. पण मग वशिंडाचा काप शेपटाकडे जातो. कुणी म्हणालं, बैलांच्या जागा बदला. तात्या त्याच्यावर खेकसले, “आरं, डावीकडं कुनीबी हुबा केला तरी उजवीकडचा कोराच ऱ्हानार न्हवं का? डोकं गहान ठिवलंय व्हय?” हनुमंत म्हणाला, “तात्या, मी गाडीवर जाऊन तयार झुली आनतो दोन. काय बिगडत न्हाई.” तात्यांनी मान खाली घातली. त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि त्याचंच हैदरभाईंना जास्त लागलं असावं.

त्यांचा हात खिशात गेला, फोन बाहेर आला. मला माहीत होतं काय होणार ते. मोठी ऑर्डर अडली की ते नेहमी हेच करायचे. आसिफला एक फोन केला असता, तर दुपारपर्यंत टेम्पोतून दोन कारागीर आले असते, मखमल आली असती, मशीनवर मोर तयार झाला असता. काम नक्की झालं असतं. आकडा दाबायला अंगठा वर गेला आणि तिथेच थांबला.

मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, “हा तुझ्याकडं ठेव. मी मागितला तरी देऊ नको.”

ओसरीवर चटई टाकून ते बसले. पवळ्याच्या झुलीवरचा मोर ब्लेडने एकेक टाका कापत उसवला, एक आरसा न तडकवता. मोर सुटा झाला. तो उचलून त्यांनी उजव्या बाजूला धरला, आणि आम्हाला सगळ्यांनाच दुसरी अडचण दिसली. मोराची चोच बैलाच्या शेपटीकडे! मिरवणूक पुढे चालली आणि मोर निघाला उलटा घरी. मखमलीला पाठ-पोट असतं, त्यामुळे मोर पालथा करता येईना. नवा करायला कापड नाही.

“हात दाखवून अवलक्षण,” शेजारचे आबासाहेब पुटपुटले. काकूने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना घरचं काम आठवलं.

हैदरभाईंनी मात्र ते ऐकलंच नव्हतं. मोर मांडीवर घेऊन ते त्याच्याकडे टक लावून बघत होते. कधी मान तिरकी करत होते, कधी डोळे बारीक. मग कात्री घेतली आणि मोराची मान खांद्यापासून सरळ कापून काढली. माझ्या तोंडून “अहो!” निघालं.

“वहिनी,” ते काकूला म्हणाले, “निळं कापड हाय का घरात? हातभर पुरे.”

काकूने ट्रंकेतून ओटीत आलेला एक खण काढून आणला, गडद मोरपंखी. त्यातून त्यांनी मान कापली. नमुना नाही, खडू नाही, कात्री सरळ कापडात घातली आणि अशी फिरवली की मनगट तेवढं हललं. लांब, वळणदार मान. मोराचं अंग शेपटीकडे, पण त्याने मान मागे वळवून पुढे बघितलेलं. वडिलांच्या नमुन्यात हे नव्हतं. हैदरभाईंच्या डोक्यातही सकाळपर्यंत नव्हतं.

दुपारी फोन वाजला. आसिफ. मोर चुकीच्या बाजूला लागलाय, एवढंच मी सांगितलं. तो घाबराघुबरा होऊन म्हणाला, “मावशी, मी कारागीर पाठवतो.” मी ओसरीकडे पाहिलं. हैदरभाईंनी न बघताच मान हलवली. मी म्हटलं, “नको म्हणतायत.” आसिफ म्हणाला, “तुम्ही त्यांना समजवा तरी.” मी म्हटलं, “अरे, मला माझ्या नवऱ्याला समजावता येत नाही, तुझ्या बापाला कुठून समजावू?”

दिवेलागणीपर्यंत मोर चिकटला, मान बसली. सकाळी लवकर उठून त्यांनी डोळा भरला आणि तुरा लावला. काकूच्या पुरणाचा वास सुटला होता, पण त्यांना हाक मारायची कुणाची हिंमत झाली नाही.

पोळ्याला चारच्या सुमारास बैल वेशीवर जमले. शिंगांना रंग, बेगड, गळ्यात घुंगरमाळा. बहुतेकांच्या अंगावर तीच बाजारची चमकी. मग तात्या पटका बांधून जोडी घेऊन आले, आणि लोक आपोआप बाजूला झाले. डावीकडून बघणाऱ्यांना ऐटीत पुढे चाललेला मोर दिसला. उजवीकडून बघणाऱ्यांना वळून बघणारा. थोड्या वेळाने डावीकडचे लोक उजवीकडे यायला लागले. बायाबापड्या वाकून वाकून बघत होत्या. पवळ्या पाय टाकायचा तशी मखमल हलायची आणि मोराची मान खरोखरच वळल्यासारखी वाटायची.

“पाय मागं आन तोंड फुडं,” एक म्हातारा म्हणाला. “आपल्या ग्रामपंचायतीवानी!”

खसखस पिकली. हैदरभाईंचा चेहरा उतरला. नाव ठेवायला सुरुवात झाली असंच त्यांना वाटलं. तेवढ्यात तोच म्हातारा जवळ आला, मोरावरून पालथा हात फिरवला आणि म्हणाला, “असला मोर म्या उभ्या जल्मात बगितला न्हाई. फुडच्या साली माझ्या जोडीला पायजे. दोन्ही वळून बगनारे.” त्याच्यामागे दुसरा बोलला, मग तिसरा. तात्या तोरणाखालून जोडी नेताना इतके ताठ चालले की काकू म्हणाली, “बैलापरीस हेच जास्ती मिरवायलेत.”

गर्दीतून आसिफ घामाघूम होऊन आला. मोटरसायकलला एक पिशवी अडकवलेली, तिच्यात बाजारातून घेतलेली तयार झूल. न जाणो, वेळ पडली तर! मला त्याची मायाच आली. हनुमंतने ती झूल घेऊन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बांधली, आणि बैलांच्या रांगेच्या शेवटी ट्रॅक्टरही झूल घालून मिरवला.

आसिफ पवळ्यापाशी थांबला होता. धंद्यात मुरलेला पोरगा तो, कपड्याची पारख त्याला आहे. त्याने आधी काठ बघितला, मग टाके, मग मोराची मान. बोटाने ती वळणाची कड चाचपून बघितली. हे बापलेक आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलतात, मी मराठीत सांगते.

“अब्बा,” तो हलक्या आवाजात म्हणाला, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे बघून, “मान कुणी कापली? कारागीर या गावचाच आहे का? विचारून बघा ना, आपल्याकडे येतो का. म्हणेल तेवढा पगार देऊ. असा हात आपल्या दुकानात एकाचाही नाही.”

हैदरभाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मोराकडे. टोचून टोचून सुजलेली बोटं त्यांनी कमरेमागे नेली होती, ती हळूच पुढे आणून छातीवर घडी घातली.

“तो नाही यायचा,” ते म्हणाले. “आत्ताच नोकरी सोडलीय त्याने.”

आसिफला कळायला क्षणभर लागला. त्याने वडिलांची बोटं पाहिली, आणि वेशीपाशी, त्या सगळ्या गर्दीत, हलगीच्या दणदणाटात, तो त्यांच्या गळ्यात पडला.